पोलीस कारवाई, गुन्हेगार जमात आणि इतर साहेबी नावं: उत्तरवसाहतवादानं जगातली भांडणं समजतात का?

सातरस्ता (धागाकर्ता)

मी इथल्याच, सोलापुरातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. मागच्या आठवड्यात टीवायच्या वर्गात आंतरराष्ट्रीय संघर्षाचे सिद्धांत चालू होते. वास्तववाद झाला, उदारमतवाद झाला, मार्क्सवाद पळवत नेला आणि उत्तरवसाहतवादाशी आलो. नोट्समध्ये त्याला दीड पान. साहेबानं रेघा मारल्या, साहेब गेला, रेघांवरून मारामाऱ्या चालूच राहिल्या, एवढं सांगून मी खडू ठेवणार, तेवढ्यात मोहोळहून एसटीनं येणारी एक मुलगी उठली. "सर, युक्रेनवरची रेघ कुठल्या साहेबानं मारली?"

घंटा झाली म्हणून वाचलो. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. (विणकरांच्या गावात धागा काढायला लाजायचं कशाला.)

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. नेहमीची पद्धत अशी की देश म्हणजे पटावरची सोंगटी. कुणाकडे किती फौज, कुणाला कुणाची भीती, याचं गणित मांडायचं. उत्तरवसाहतवादी म्हणतो, जरा थांबा, ही सोंगटी पटावर आली कधी? हा देश, ही सीमा, ही 'जमात', हा 'कडवा' आणि तो 'मवाळ', हे पहिल्यांदा कुणाच्या दप्तरात लिहिलं गेलं? जेरुसलेममध्ये जन्मलेल्या एडवर्ड सैद यांनी १९७८ साली 'ओरिएंटॅलिझम'मध्ये हेच मांडलं. युरोपानं पूर्वेबद्दल जे ज्ञान जमवलं ते राज्य करण्यापासून वेगळं काढता येत नाही. आधी तुमचं वर्णन करायचं, मग त्या वर्णनाला शोभेल असा अंमल तुमच्यावर बसवायचा. त्यांच्या आधी मार्टिनिकचा डॉक्टर फ्रान्झ फॅनन अल्जीरियाच्या लढ्यात उतरला होता. त्याचा इशारा वेगळा होता: साहेब गेला तरी खुर्ची राहते, आणि तीत देशी साहेब बसतो.

खरं तर मला हे पुस्तकाआधी सोलापुरातच कळायला हवं होतं. ५ मे १९३० ला गांधीजींना अटक झाली. ८ मे ला रूपाभवानीकडे शिंदीची झाडं तोडण्यावरून गोळीबार झाला, लोक खवळले, मंगळवार पेठेची चौकी पेटली, पोलीस मारले गेले. पुढचे तीन-चार दिवस शहरात इंग्रजांचा अंमल म्हणून काही उरला नाही. १२ मे ला मार्शल लॉ. सरकारच्या लेखी ही सगळी दंगल. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी झाली ती खुनी म्हणून. आज आपण त्याच चौघांच्या चौकात रिक्षा पकडतो. माणसं तीच, कृत्य तेच, शब्द मात्र फिरला, कारण दप्तर आपल्या हातात आलं.

आता दुसरी बाजू, जी मला जास्त टोचते. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेनं रणगाडे निघाले. मेजर जनरल जयंत चौधरींची चिलखती डिव्हिजन. पाच दिवसांत निजाम शरण. रणगाडे, तोफा, विमानं, आणि नाव काय, तर 'पोलीस कारवाई'! हे नाव आपण एकट्यानंच वापरलं असं नाही. जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियात फौजा घुसवल्या, त्यालाही ते 'पोलीस कारवाई'च म्हणत होते, आणि ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत भारत होता. डिसेंबर १९४८ मध्ये डचांनी दुसरी 'पोलीस कारवाई' केली, तेव्हा नेहरूंनी पुढच्याच महिन्यात दिल्लीत इंडोनेशियासाठी परिषद भरवली. या दोन्हींच्या मधल्या सप्टेंबरात आपली. शब्दाचं काम तिन्हीकडे एकच: हे घरचं भांडण आहे, शेजाऱ्यानं डोकावू नये. निजामाची तक्रार तेव्हा सुरक्षा परिषदेपुढे होती, हे विसरू नका. आणि २४ फेब्रुवारी २०२२ ला पुतिन यांनी काढलेला शब्द आठवा, 'विशेष लष्करी मोहीम'.

हैदराबाद घेणं चूक होतं असं मी म्हणत नाही, रझाकारांच्या गोष्टी ऐकतच मी मोठा झालोय. प्रश्न एवढाच की हा चष्मा फक्त गोऱ्यांकडे बघायला लावायचा, की आरशासमोरही? आणि लावला तर त्यानं युद्धं समजतात, की नुसती नावं ठेवता येतात?

शेंगाचटणी

सर, आधी एक प्राथमिक शंका. उत्तरवसाहतवाद म्हणजे वसाहतवाद हा प्रश्न आणि हे त्याचं उत्तर, असं का? की हा फक्त उत्तर सोलापूर तालुक्याला लागू आहे? आम्ही दक्षिणवाले.

सातरस्ता

नंतरचा या अर्थी 'उत्तर'. पण तुमची पहिली शंका वाटते तेवढी पोरकट नाही. बऱ्याच जणांनी त्याला उत्तर समजूनच गोंधळ केलाय. तो प्रश्न विचारायची रीत आहे.

निवृत्त_गनर

सर, तुमचं लिखाण आवडलं, पटलं नाही. नोकरीत मी तवांग भागात दोन हिवाळे काढलेत. तिथं सिद्धांत नसतो, थंडी असते आणि समोरच्या धारेवर चिनी चौकी असते.

तुमच्या हिशेबानं बघू. मॅकमहोन रेषा १९१४ च्या सिमला परिषदेत ठरली, ब्रिटिश हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यात. चीननं ती कधीच मानली नाही, आजही 'साम्राज्यवाद्यांची रेघ' म्हणून धुडकावतो. म्हणजे उत्तरवसाहतवाद सगळ्यात मनापासून वापरला तो पेकिंगनं! आता मी काय करायचं? रेघ साहेबाची, म्हणून खोटी, म्हणून तवांग सोडा? आणि तिबेटात १९५० साली जे घुसले ते कुठल्या वादात बसतात, तेही सांगा.

भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. आपल्या गावचा पोरगा १९३८ साली जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला गेला, तिथंच संसार मांडला, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच गेला. वय बत्तीस. त्यानंतर वीस वर्षं पुरी व्हायच्या आत, ऑक्टोबर १९६२ मध्ये, तोच चीन आमच्या अंगावर आला. दोघंही साम्राज्यवादाविरुद्ध लढलेले, १९५५ ला बांडुंगच्या आशियाई-आफ्रिकी परिषदेत एका मांडवात बसलेले. मग तुमचा सिद्धांत बासष्टला कुठं गेला होता? मला विचाराल तर डोंगराची धार कुणाकडे, रस्ता कुणी आधी बांधला, यावर युद्ध ठरतं. बाकी भाषणं.

भुईकोट

गनरकाका, एक गंमत सांगतो. ज्यांच्या नावाच्या रेषेवर तुम्ही हिवाळे काढलेत ते हेन्री मॅकमहोन १९१४ नंतर कुठे गेले? इजिप्तला, हाय कमिशनर म्हणून. तिथून १९१५-१६ मध्ये त्यांनी मक्केच्या शरीफ हुसेनला पत्रं लिहिली: तुर्कांविरुद्ध उठा, आम्ही अरबांच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देऊ. त्याच १९१६ मध्ये ब्रिटन-फ्रान्सनं सायक्स-पिको करारात तोच मुलूख गुपचूप आपसांत वाटून घेतला, आणि २ नोव्हेंबर १९१७ ला ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बाल्फोरनं पॅलेस्टाइनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय घराला पाठिंबा जाहीर केला. एकच जमीन, तीन गिऱ्हाइकं, आणि खरेदीखत करणाऱ्याच्या नावावर सातबाराच नाही.

म्हणजे आपल्या ईशान्येचं भांडण आणि गाझाचं भांडण, दोन्हींच्या कागदावर एकाच बाबूची सही. याला योगायोग म्हणून सोडून द्यायचं? हा सिद्धांत नाही तर दुसरा कुठला हे एका जागी आणून दाखवतो? २९ नोव्हेंबर १९४७ ला पॅलेस्टाइनच्या फाळणीवर मतदान झालं तेव्हा भारतानं विरोधात मत दिलं, कारण रॅडक्लिफसाहेबांची जखम तेव्हा ओली होती. ८ जुलै १९४७ ला पहिल्यांदा या देशात पाय ठेवलेला वकील, पाच आठवड्यांत पंजाब आणि बंगाल कापून मोकळा. रेघ जाहीर कधी झाली, तर १७ ऑगस्टला. झेंडे आधी, नकाशा नंतर.

निवृत्त_गनर

एकच मॅकमहोन, हे मला माहीत नव्हतं. प्रामाणिकपणे सांगतो, पंधरा मिनिटं गप्प बसलो.

पण आता माझ्याकडचंही घ्या. तो मुलूख वाटून घ्यायला आधी जिंकला कुणी? मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जनरल टाउनशेंडच्या फौजेत ११० वी मराठा लाइट इन्फंट्री होती. कुतच्या वेढ्यात ती अडकली, घोड्याचं मांस खायची वेळ आली आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. पुढे मार्च १९१७ मध्ये बगदाद पडलं तेही बहुतेक हिंदी शिपायांच्या जिवावर. १९२० साली इराकी लोक इंग्रजांविरुद्ध उठले, ते बंड मोडायलाही हिंदी पलटणीच गेल्या. मग आपण कोण? वसाहत, की साहेबाचा हात? माझ्या पेशाचा मला अभिमान आहे, म्हणूनच विचारतो. ज्याच्या घरावर गोळी चालली त्या बगदादच्या माणसानं मराठा शिपायाला काय म्हणायचं?

सातरस्ता

काका, हाच प्रश्न मी वर्गात विचारायला हवा होता. 'गोरा विरुद्ध काळा' असा उत्तरवसाहतवाद इथेच कोलमडतो, आणि त्याचा चांगला अवतार इथूनच सुरू होतो.

रेघेबद्दल आधी. रेघ साहेबाची म्हणून खोटी, असं हा सिद्धांत म्हणत नाही. निदान शहाण्यांनी तसं म्हटलेलं नाही. आफ्रिकेचं बघा. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेनंतर अख्खं खंड केकसारखं कापलं गेलं. स्वातंत्र्यानंतर १९६४ साली कैरोत आफ्रिकी देशांनी काय ठरवलं? मिळाल्या त्याच सीमा पाळायच्या. कारण प्रत्येक रेघ दुरुस्त करायला गेलो तर पुढची शंभर वर्षं लढतच राहू. सोमालिया आणि मोरोक्को तेवढे कुरकुरले. २१ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री, युक्रेनवर हल्ला व्हायच्या तीन दिवस आधी, केनियाचे राजदूत मार्टिन किमानी यांनी सुरक्षा परिषदेत हीच गोष्ट सांगितली. सीमेपलीकडे आमचेही भाऊबंद आहेत, आमच्या सीमाही लंडन, पॅरिस, लिस्बनला ठरल्या, तरी आम्ही मागे बघत बसलो नाही, असा त्यांचा रोख होता. माझ्या मोहोळच्या विद्यार्थिनीला मी आधी ते भाषण ऐकवणार आहे.

आणि एक उदाहरण, जे सहसा कुणी घेत नाही. थायलंड कधीच कुणाची वसाहत नव्हता. कंबोडिया फ्रेंचांच्या ताब्यात. दोघांच्या हद्दीवर प्रिआह विहार हे जुनं शिवमंदिर आहे. फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार केलेल्या, १९०७ सालच्या नकाशात ते कंबोडियात गेलं. करारात लिहिलं होतं पाणलोटाची धार धरा, नकाशानं ती धरलीच नाही. १९६२ साली आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मंदिर कंबोडियाला दिलं. कारण असं की सयामनं (थायलंडचं जुनं नाव) एवढी वर्षं नकाशावर हरकतच घेतली नव्हती. त्याच सरहद्दीवर जुलै २०२५ मध्ये तोफा चालल्या. डोंगराची धार कुणाकडे यावर युद्ध ठरतं म्हणालात ना? इथे धार एकीकडे आणि कागद दुसरीकडे. जो देश गुलाम झालाच नाही तोही साहेबाच्या कागदात अडकला.

बासष्टबद्दल मात्र मी हात वर करतो. साम्राज्यवादाविरुद्ध लढलेला देश साम्राज्यासारखा वागणार नाही, हा भाबडेपणा होता. फॅनननं सावध केलं होतं, ऐकलं कुणी नाही.

कांडीवाला

मी टॉवेलवाला. गोदामात बसून हे सगळं वाचलालोय. तुमचा फॅनन मला कळत नाही, कंटेनरचं भाडं कळतं.

२०२३ च्या नोव्हेंबरपासून येमेनमधल्या हुती बंडखोरांनी लाल समुद्रात जहाजं मारायला घेतली. युरोपचा माल सुवेझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जायला लागला. दहा-पंधरा दिवस जास्त, भाडं कुठल्या कुठं. गिऱ्हाईक म्हणतंय भाव तोच ठेवा. सूत महाग, वीज महाग, कामगाराला पगार वेळेवर. ऑर्डर लांबली की कांड्या भरणाऱ्या बायकांचं काम आधी बंद होतं, हे तुमच्या कुठल्याच वादात येत नाही. सुवेझ कालवा १८६९ ला झाला म्हणतात. म्हणजे त्याच्या आधी इंग्रज ज्या वाटेनं हितं येत होता, त्या वाटेनं माझा टॉवेल आता तिकडं चाललाय. एवढाच माझा वसाहतवाद.

सातरस्ता

कांडीवाले, तुमची वाट तर मी वर्गात सांगणार आहे, नाव न घेता.

येमेनच्या एडन बंदराचं बघा मग. इंग्रजांनी ते १८३९ साली घेतलं आणि जवळजवळ शंभर वर्षं त्याचा कारभार मुंबईहून चालला. म्हणजे एडन आणि सोलापूर एकाच इलाख्यात! वासुदेव बळवंत फडक्यांना ठेवलं ते एडनच्याच तुरुंगात, तिथंच १८८३ साली ते गेले. काळं पाणी म्हणून जिथं आपली माणसं पाठवली त्याच येमेनातून आता जहाजांवर मारा झाला. येमेनचे उत्तर-दक्षिण असे दोन तुकडे होते त्यात या इंग्रजी तळाचा मोठा वाटा. १९९० ला एकत्र आले, १९९४ ला आपसांत लढले, आणि अजून सांधा बसलेला नाही. हुती मात्र उत्तरेच्या डोंगरातले, जिथे इंग्रज कधी पोचलाच नव्हता. त्यांचं भांडण निव्वळ इंग्रजांच्या खात्यावर टाकलं तर सौदी, इराण आणि येमेनचे स्वतःचे राज्यकर्ते फुकट सुटतात.

वॉर्साचा_सोलापूरकर

मूळचा नवी पेठेतला, सात वर्षं पोलंडमध्ये नोकरी. मोहोळच्या मुलीला माझा सलाम सांगा.

माझ्या टीममध्ये खार्किवची एक बाई आहे. २०२२ च्या मार्चमध्ये एकदा जेवताना मी शहाणपणानं म्हणालो, आमच्या देशानं वसाहतवाद भोगलाय म्हणून आम्ही पश्चिमेच्या बाजूनं पटकन उभे राहत नाही. २ मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या हल्ल्याविरुद्धच्या ठरावावर १४१ विरुद्ध ५ मतं पडली होती आणि तटस्थ ३५ देशांत आपण होतो, त्याचं समर्थन करत होतो. तिनं चमचा खाली ठेवला. म्हणाली, तुमच्या भाषेत पुस्तकं छापायला इंग्रजांनी कधी बंदी घातली होती का? मी म्हटलं नाही, उलट त्यांनीच आधी कोश छापले. ती म्हणाली, झारच्या मंत्र्यानं १८६३ ला म्हटलं युक्रेनी नावाची वेगळी भाषाच नाही, आणि १८७६ च्या फर्मानानं त्या भाषेत छपाई जवळजवळ बंदच केली. मग १९३२-३३ चा दुष्काळ, धान्य असताना पाडलेला. हे वसाहतवादात बसत नाही का, की त्याला बोट लागते?

मी गप्प. आपल्या डोक्यात वसाहत म्हणजे समुद्र, गलबत, टोपीवाला. चालत जाऊनही वसाहत करता येते हे आपल्याला शिकवलंच नाही.

कहर म्हणजे ३० सप्टेंबर २०२२ चं पुतिन यांचं भाषण. युक्रेनचे चार प्रांत तोडून घेतले त्या दिवशी त्यांनी पश्चिमेनं हिंदुस्थान कसा लुटला, आफ्रिका कशी लुटली, चीनवर अफूची युद्धं कशी लादली हे सांगितलं. आपल्या आजोबांची जखम दाखवून दुसऱ्याच्या घराचा ताबा! सैद यांनीही १९९४ साली पुस्तकाला नवा उपसंहार जोडताना तक्रार केली होती की मी पश्चिमद्वेष्टा नाही, लोकांनी मला तसं वाचलं. तिथून पुतिनपर्यंत काही फार लांब नाही.

भुईकोट

मान्य. पण उलटा अतिरेक नको. युक्रेनच्या निर्वासितांसाठी युरोपनं आठवडाभरात दारं उघडली, आणि सीरियाच्या माणसाला त्याच पोलंडच्या सरहद्दीवर जंगलात थंडीत ठेवलं. बातमीदार कॅमेऱ्यासमोर म्हणत होते, ही माणसं आपल्यासारखी दिसतात. यावर बोट ठेवायला आजही सैदच लागतात. रशिया साम्राज्य आहे म्हणून पश्चिम निर्दोष ठरत नाही.

वॉर्साचा_सोलापूरकर

बेलारूसच्या सरहद्दीचं मी डोळ्यांनी बघितलंय. त्यावर वाद नाही.

कुंपणापलीकडे

बराच वेळ वाचतेय. सगळे 'आपण' म्हणताय. आपल्यावर राज्य केलं, आपलं दप्तर, आपले चौघे. या 'आपण'मध्ये आम्ही कधीपासून?

मी सेटलमेंटमधली. सोलापूरकरांना जागा सांगायला नको, पण हे नाव कुठून आलं ते कितीजण सांगतील? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. जन्मानंच गुन्हेगार. तारेचं कुंपण, रोज हजेरी, बाहेर जायला पास. माझे पणजोबा मिलमध्ये कामाला जायचे आणि भोंगा झाला की परत कुंपणात. मिलला कामगार हवे होते, सरकारला आम्ही एका जागी हवे होतो, दोघांचंही भागलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला देशभर शिक्का पुसला, म्हणून आम्ही तो विमुक्त दिन पाळतो. देशाला पाच वर्षं आधी मिळालेलं स्वातंत्र्य आम्हाला त्या दिवशी मिळालं. आणि पुसल्याबरोबर सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. गावात चोरी झाली की पहिली गाडी कुठल्या वस्तीत जाते, ते मला सांगायला लावू नका.

आता जगाचं बोलते. हुतू आणि तुत्सी हे शब्द रवांडात आधीही होते. पण गाईगुरं वाढली, लग्नं जुळली तर माणूस इकडचा तिकडे होऊ शकायचा. १९३३ च्या सुमारास बेल्जियमनं ओळखपत्रावर ते छापलं आणि दार बंद झालं. १९९४ मध्ये रस्त्यावरच्या नाक्यांवर तीच ओळखपत्रं बघून माणसं कापली. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास. वर्गात हे वाचलं तेव्हा मला पणजोबांचा पास आठवला. दोन्हीकडे एका कारकुनानं एका रकान्यात एक शब्द लिहिला.

पण सर, बेल्जियमचा माणूस १९६२ ला गेला. ओळखपत्रावरचा तो रकाना त्यानंतर बत्तीस वर्षं कुणी चालू ठेवला? शिक्का मारला साहेबानं, जपला देशी सरकारनं. तुमचा सिद्धांत पहिल्या वाक्यावर अडीचशे पानं लिहितो आणि दुसऱ्यावर तळटीप. याच पंथाच्या अभ्यासक गायत्री स्पिवाक यांनी १९८८ साली विचारलं होतं की तळातल्या माणसाला बोलता येतं का. मला वाटतं येतं. ऐकणारा हजेरी घेत बसलेला असतो.

निवृत्त_गनर

बेटा, या धाग्यावरची सगळ्यात सरळ पोस्ट. सलाम.

सातरस्ता

ताई, 'आपण' चुकला. वर बदलत नाही, दिसू दे.

तळटीपेबद्दल एकच बचाव. युगांडात वाढलेल्या महमूद ममदानींनी रवांडावर नेमका तुमचाच दुसरा प्रश्न धरून काम केलंय: काल ज्याच्यावर अन्याय झाला तो आज मारेकरी कसा होतो. सगळ्यांनी तळटीप केलेली नाही. पण माझ्या दीड पानाच्या नोट्समध्ये ते नाही, हे खरंय.

शेंगाचटणी

वातावरण लई गंभीर झालंय म्हणून विचारतो. १९६७ च्या महाजन अहवालानं अक्कलकोट, जत आणि दक्षिण सोलापूर कर्नाटकात टाकायला सांगितलं होतं. मी दक्षिणवाला, घरी कन्नड, दुकानात मराठी, बायको तेलुगू. ही कुठल्या साहेबाची रेघ? मला कुणी मुक्त करायला येणार असेल तर हुरड्याच्या दिवसांत या म्हणावं.

अक्कलकोटची_वाट

शेंगाचटणी, हसले. पण मला परत १९४८ वर यायचंय, कारण आमचं मूळ घर नळदुर्गजवळचं.

सरांनी 'पोलीस कारवाई' हा शब्द उलगडला ते बरं केलं. इतिहासाच्या पुस्तकात 'मुक्तिसंग्राम' आहे. दोन्ही शब्दांत एक गोष्ट बसत नाही. कारवाईनंतर हैदराबाद संस्थानात, आपल्या मराठवाड्यातही, मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते बघायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. तिच्या अंदाजात मृतांचा आकडा २७ ते ४० हजार आहे. अहवाल पुढे कितीतरी दशकं दडलेलाच होता. रझाकारांनी त्याआधी गावं जाळली, माणसं मारली, हेही तितकंच खरं. एकानं दुसरं पुसलं जात नाही.

माझी आजी चार-पाच वर्षांपूर्वी गेली. ती हा काळ सांगताना 'मुक्ती' म्हणायची नाही आणि 'कारवाई'ही नाही. तिचा शब्द होता पळापळ. रझाकार आले तेव्हा आम्ही रातोरात बैलगाडीतून सोलापूरला आलो, ती पहिली पळापळ. रणगाडे गेल्यावर परत गावी गेलो तर शेजारच्या खालाचं घर मोकळं, चुलीवर तवा तसाच. ती दुसरी पळापळ. दोन्हींना एकच शब्द. लहानपणी मला वाटायचं आजीचा गोंधळ होतोय.

सातरस्ता

हे वाचून आज दुपारी वर्गात वेगळंच केलं. मोहोळच्या मुलीला किमानींचं भाषण ऐकवलं, युक्रेनबद्दल वॉर्साच्या पोस्टमधलं सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे सर, रेघ मारणारा साहेब गोराच असतो असं नाही, आणि तो गेलेलाच असतो असंही नाही. मग सगळ्यांना काम दिलं: घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा, अठ्ठेचाळीस सालाला तुमच्यात काय म्हणतात, आणि जो शब्द येईल तो जसाच्या तसा लिहून आणा. शुद्ध करून आणू नका, अशी सक्त ताकीद दिलीय. कांडीवाले, तुमच्याकडच्या जुन्या कामगारांनाही विचाराल का? तेलंगणातून आलेल्या पद्मशाली घरांत कुठला शब्द चालतो ते मला हवंय.

कांडीवाला

विचारतो. सोमवारी पगार आहे, सगळे भेटतात. भाड्याचं मात्र तुम्ही काही बोलला नाहीत.

शेंगाचटणी

मी आत्ताच आजीला फोन लावला. म्हटलं, आज्जी, अठ्ठेचाळीस साली जी गडबड झाली होती तिला आपल्यात काय म्हणतात?

म्हणाली, "कुठली गडबड?"